पेकिंगमधले परदेशी डॉक्टर, कस्टमवाले आणि त्यांचं चिनी पोर्सिलेन

झिलई:

परदेशातल्या म्युझियममध्ये चिनी पोर्सिलेनच्या कपाटाखाली देणगीदाराचं नाव लिहिलेलं असतं, कोणीतरी रेल्वेवाला लखपती नाहीतर उमराव. पण हा माल मुळात चीनमध्ये बसून कोणी शोधला, कोणी पारखला, कुठलं भांडं कुठल्या राजवटीचं हे कोणी ठरवलं हे बघायला लागलं की वेगळीच माणसं समोर येतात. वकिलातीचा डॉक्टर, कस्टम्समधले अधिकारी, मिशनरी मास्तर. चिंग राजवटीच्या शेवटच्या चाळीसपन्नास वर्षांत चीनमध्ये नोकरीला असलेली ही पाश्चात्त्य मंडळी, आणि गेले कितीतरी महिने मी यांच्याबद्दलच वाचतोय म्हणून हा धागा.

पार्श्वभूमी थोडक्यात. १८४२ च्या नानकिंगच्या तहाने पाच बंदरं उघडली, पण पेकिंगमध्ये परकीयांना कायमचं राहता यायला लागलं ते १८६० मध्ये संपलेल्या दुसऱ्या अफूयुद्धानंतर. १८६१ पासून तिथे वकिलाती आल्या. दुसरी गोष्ट म्हणजे चिनी सरकारचंच कस्टम्स खातं, जे १८६३ पासून रॉबर्ट हार्ट चालवत होता आणि ज्यात वरच्या जागांवर सगळे परदेशी होते. या लोकांना चिनी भाषा शिकावी लागायची, एका बंदरातून दुसऱ्या बंदरात बदल्या व्हायच्या, पगार बरा असायचा आणि संध्याकाळी करायला फारसं काही नसायचं. त्यातून काही जण शिकारीला लागले, काही पोर्सिलेनला.

सगळ्यात मोठं नाव स्टीफन बुशेल. १८६८ मध्ये ब्रिटिश वकिलातीचा डॉक्टर म्हणून पेकिंगला आला तेव्हा चोविशीत होता आणि पुढे तीसेक वर्षं तिथेच राहिला. त्याचं वेगळेपण असं की डॉक्टर असल्यामुळे त्याला राजवाड्यांत आणि खानदानी चिनी घरांत प्रवेश मिळाला. बाकीचे परदेशी दुकानदार जे दाखवेल तेच बघत होते, आणि हा माणूस रोग्याची नाडी बघायला जायचा आणि त्या घरातला संग्रह बघून यायचा. शिवाय चिनी वाचता यायचं. पोर्सिलेनवरची जुनी चिनी पुस्तकं, म्हणजे १७७४ चा 'थाओ श्वो', बादशाही भट्ट्यांचा अधिकारी थांग यिंग याने १७४३ मध्ये बादशहासाठी लिहिलेली भट्टीकामाची वीस चित्रांची वर्णनं, हे सगळं त्याने इंग्रजीत आणलं. त्याच्या आधी पॅरिसमध्ये स्तानिस्लास ज्युलियनने जिंगदेझेनच्या, म्हणजे चीनमधल्या पोर्सिलेनच्या मुख्य गावाच्या, इतिहासाचं भाषांतर १८५६ मध्ये केलं होतं, पण ज्युलियन कधी चीनला गेलाच नव्हता. बुशेलकडे एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात भांडं होतं, आणि मला विचाराल तर चिनी पोर्सिलेनचा पाश्चात्त्य अभ्यास खऱ्या अर्थाने तिथून सुरू होतो. १८८२-८३ मध्ये लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन म्युझियमने, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टने, त्याच्याकडून पेकिंगमध्ये खरेदी करवून घेतली, दोनशेच्या वर वस्तू.

कस्टम्समधले दोघे सांगण्यासारखे. आल्फ्रेड हिप्पिसली, इंग्रज, त्याने आपला संग्रह वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये ठेवायला दिला आणि सोबत चिनी पोर्सिलेनच्या इतिहासाचा एक आराखडा लिहिला जो अजूनही वाचनीय आहे. दुसरा फ्रीडरिश हिर्थ, जर्मन, १८७० ते १८९७ कस्टम्समध्ये. याला रंगीत मालात रस कमी, तो सेलॅडॉनच्या, त्या समुद्री हिरव्या जाड भांड्यांच्या मागे, आणि ती भांडी अरबी जहाजांनी कुठे कुठे गेली याच्या मागे. १८८८ मध्ये त्याचं त्यावर पुस्तक आलं. त्याची भांडी आज जर्मनीत गोथाला आहेत.

बाकीचं प्रतिसादांत लिहितो, एकदम टाकलं तर फार लांबेल.

खारावारा:

वाचतेय, मस्त विषय. एक बेसिक शंका. चिनी लोक स्वतः कित्येक शतकं जुन्या वस्तूंचे एवढे मोठे संग्राहक, मग अशा खानदानी घरांनी या परदेशी माणसांना विकलं का? आणि व्यवहार व्हायचा कुठे, दुकानात की घरी?

झिलई:

दोन्हीकडे, खारावारा. पेकिंगच्या आतल्या शहराच्या भिंतीबाहेर ल्यूलीछांग नावाची गल्ली आहे, पुस्तकं, शाई, चित्रं, जुन्या वस्तू यांची. अजूनही आहे. चिनी नवीन वर्षात तिथे जत्रा भरायची. आणि नवीन वर्षाच्या आधी देणी चुकती करायची रीत, त्यामुळे वर्षअखेरीला पैशाची नड असलेला माल बाहेर यायचा आणि हे परदेशी लोक तेव्हाच टपून बसायचे. नेहमीच्या दिवसांत दलाल कापडी बोचकी घेऊन वकिलातीच्या दारात यायचे, पडवीत बोचकं सोडायचं, एकेक भांडं बाहेर काढायचं, आणि चांगलं भांडं तळाशी ठेवायचं.

का विकलं, तर घरं बुडत होती. तायपिंग बंडाने चौदा वर्षं दक्षिण चीन जाळला, १८५५ मध्ये जिंगदेझेनच्या भट्ट्याही गेल्या, खजिना रिकामा, मांचू, म्हणजे राज्यकर्त्या जमातीच्या, सरदार घराण्यांचे तनखे थकायला लागले. पण एक उदाहरण जवळून बघा, म्हणजे कळेल.

यी राजपुत्राचं घराणं. पहिला यी राजपुत्र हा कांगशी बादशहाचा तेरावा मुलगा आणि योंगझेंग बादशहाचा लाडका भाऊ, बादशाही कारखाने त्याच्या देखरेखीखाली होते, म्हणजे दरबारात जे उत्तमोत्तम बनत होतं ते त्याच्या नजरेखालून जात होतं. त्याचा वंशज झायुआन १८६१ मध्ये बालबादशहाच्या आठ पालकांपैकी एक झाला. सिशी राणीने काही महिन्यांत उलथापालथ केली, आठही जणांना हटवलं आणि झायुआनला गळफास घ्यायला लावला. पुढच्या वीसपंचवीस वर्षांत त्या घरातून वस्तू बाहेर पडत राहिल्या.

त्यातलीच म्हणून प्रसिद्ध झालेली एक फुलदाणी. जेमतेम वीतभर उंचीची, फिकट गुलाबी-लाल, इंग्रजीत या रंगाला पीच ब्लूम म्हणतात. ती न्यूयॉर्कच्या मेरी मॉर्गन या बाईंकडे गेली, त्या वारल्यावर मार्च १८८६ मध्ये लिलाव झाला आणि त्या एवढ्याशा फुलदाणीला १८,००० डॉलर आले. पेपरांत गदारोळ. घेणारे बॉल्टिमोरचे विल्यम वॉल्टर्स. वेस्ट व्हर्जिनियातल्या हॉब्स ब्रोकुनियर कंपनीने लगेच तसल्याच रंगाच्या काचेच्या फुलदाण्या बाजारात आणल्या, पाच ड्रॅगनच्या काचेच्या स्टँडसकट, आणि त्या धडाक्यात खपल्या. आणि वॉल्टर्सने आपल्या संग्रहावर पुस्तक लिहायला कोणाला बोलावलं, तर आपल्या बुशेलला. ११६ रंगीत दगडछपाईची पानं, बोस्टनच्या प्रँगने छापलेली, प्रती फक्त ५००. छापून पूर्ण होईपर्यंत वॉल्टर्स स्वतः वारले होते.

चाकावरची_माती:

मी स्टुडिओ पॉटरी करते त्यामुळे या पीच ब्लूमवर लिहिल्याशिवाय राहवत नाही. १८,००० डॉलर ऐकून लोकांना वेड वाटतं पण हा रंग काढणं किती अवघड आहे ते ज्याने भट्टी लावलीय त्यालाच कळेल.

हा रंग तांब्याचा. तांबं ग्लेझमध्ये, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपात, घालून भट्टीत हवा भरपूर दिली तर हिरवं येतं, सगळ्यांना माहीत असलेलं तांब्याचं हिरवं. लाल हवं असेल तर भट्टीतला ऑक्सिजन तोडावा लागतो, म्हणजे धूर कोंडायचा, ज्वाळेला हवा कमी पडू द्यायची, मग ती ज्वाळा ग्लेझमधला ऑक्सिजन ओढून घेते आणि तांबं लाल होतं. तेही नेमक्या वेळी. लवकर केलं तर मातकट यकृतासारखा रंग, उशीर झाला तर तांबं उडूनच जातं आणि भांडं पांढरं-करडं निघतं. १३०० डिग्रीच्या आसपास तांबं अक्षरशः वाफ होऊन शेजारच्या भांड्यावर जाऊन बसतं.

कांगशीच्या वेळच्या कारागिरांनी यावर काय केलं तर तांब्याचा थर पारदर्शक ग्लेझच्या दोन थरांमध्ये दाबून बसवला असं मानलं जातं. आणि रंग ब्रशने न लावता फुंकून, बांबूच्या नळीच्या तोंडाला पातळ कापड बांधून त्यातून तुषार उडवायचा. फुंकून रंग लावायची ही पद्धत दाँत्रकोल नावाच्या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने जिंगदेझेनमधून लिहिलेल्या पत्रांत आहे, १७१२ आणि १७२२ ची पत्रं. गुलाबी रंगात जे शेवाळासारखे हिरवे ठिपके दिसतात ते तांबं पुन्हा हवेला लागल्याच्या जागा. म्हणजे एकाच भांड्यावर तुम्हाला भट्टीचे दोन्ही मूड दिसतात, आणि तेही लाकडाच्या भट्टीत, थर्मामीटर नसताना, भोकातून ज्वाळेचा रंग बघून.

अजून एक, असली भांडी मोठी नसतात. लिहायच्या टेबलावरचा सेट, पाण्याची कुपी, ब्रश धुवायची ताटली, शिक्क्याच्या लाल शाईची डबी, छोट्या फुलदाण्या. ठरावीक आठच आकार. त्यामुळे ती वस्तू हातात घेऊन बघायची, लांबून नाही. बुशेल आणि हिप्पिसलीसारखे लोक ती रोज हाताळत होते याचा मला खरंच हेवा वाटतो.

पारनाका:

सगळं छान आहे पण धाग्यात एक गोष्ट बाजूला पडतेय. "घरं बुडत होती म्हणून विकलं" हे अर्धंच झालं. घरं बुडवली कोणी? अफूची युद्धं लादली, नुकसानभरपाई वसूल केली, बंदरं घेतली, त्याच देशांच्या नोकरांनी मग पडत्या भावात वस्तू घेतल्या. आणि १८६० चा उन्हाळी राजवाडा आणि १९०० चं पेकिंग ही तर उघड लूट आहे. मला डॉक्टरसाहेबांच्या अभ्यासाचं कौतुक करायला अडचण नाही, पण संग्राहक हा शब्द वापरताना जरा थांबायला हवं असं प्रामाणिकपणे वाटतं.

सनावळी:

पारनाका +१. तपशील देतो.

ऑक्टोबर १८६०. आधी फ्रेंच आणि मग ब्रिटिश फौजा युआनमिंगयुआन, म्हणजे बादशहाच्या उन्हाळी राजवाड्यात घुसल्या, लूट झाली, आणि १८ ऑक्टोबरला लॉर्ड एल्गिनच्या हुकमाने राजवाडा पेटवला. हाच एल्गिन दीड वर्षात भारताचा व्हाइसरॉय म्हणून आला. ब्रिटिशांनी छावणीतच लुटीचा लिलाव केला आणि पैसे सैन्यात वाटले. फ्रेंचांच्या वाट्यातलं बरंच युजेनी राणीकडे गेलं, त्यातून फोंतेनब्लोमध्ये तिने चिनी दालन उभं केलं, तेही आजही आहे. एल्गिनबरोबर असलेल्या हेन्री लोचने आणलेल्या वस्तू फाँटहिलच्या आल्फ्रेड मॉरिसनने घेतल्या. म्हणजे बादशाही दर्जाचा माल पाश्चात्त्यांना पहिल्यांदा दिसला तो असा. तोपर्यंत त्यांना निर्यातीचा मालच माहीत होता.

१९००. बॉक्सर उठाव, वकिलातींना ५५ दिवस वेढा, १४ ऑगस्टला आठ देशांच्या फौजा पेकिंगमध्ये. मग महिनोन् महिने लूट. ब्रिटिश वकिलातीत रोज लिलाव चालायचा, गोळा झालेली रक्कम हुद्द्यानुसार वाटली जायची. यात आपल्याकडची माणसंही होती हे विसरू नये, वकिलातीत पहिल्यांदा पोचलेल्यांत सातवी राजपूत पलटण होती. त्या पलटणीतल्या गदाधर सिंह या शिपायाने परत आल्यावर हिंदीत अनुभव लिहिले, त्यात चिनी लोकांच्या हालअपेष्टा बघून त्याला झालेलं दुःख स्पष्ट आहे.

आणि लिलावात घेणारे कोण, तर तिथेच राहणारे परदेशी. अमेरिकन वकिलातीचा पहिला सचिव हर्बर्ट स्क्वायर्स वेढ्यात हिरो ठरला होता. तो १९०१ मध्ये पेकिंग सोडून निघाला तेव्हा पोर्सिलेन आणि इतर वस्तूंनी रेल्वेचे डबे भरले होते, न्यूयॉर्कच्या पेपरात बातमी आली, आणि अमेरिकेतच लोकांनी विचारलं की हे आलं कुठून. त्याचं म्हणणं मिशनऱ्यांकडून आणि लिलावात विकत घेतलं. पण तो लिलाव कशाचा होता हे वर लिहिलंच आहे.

झिलई:

पारनाका, सनावळी, दोघांचंही मान्य आहे आणि मी ते टाळणार नव्हतो. पण मला एक फरक करावासा वाटतो आणि तो मी सोडणार नाही. स्क्वायर्सकडे दोनेक वर्षांत डबे भरतात. बुशेल तीस वर्षं एकेका भांड्याची चिनी पुस्तकाशी गाठ घालत बसतो. दोघांनाही संधी मिळाली ती चीन कोसळत होता म्हणून, हे खरं. तरीही दुसऱ्याने जे मागे ठेवलं ते ज्ञान आहे, आणि ते त्याने चिनी विद्वानांकडून घेतलं हे त्याने पानोपानी लिहिलंय, त्यांची नावं देऊन. त्या काळातल्या बहुतेक युरोपियनांना चिनी माणसाला चिनी कलेतलं काही कळतं हेच मान्य नव्हतं.

आणि एक बारीक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खटकते. लूट आणि खरेदी यांच्यात रेघ ओढता येत नाही कारण १८६० नंतर तीच वस्तू दुकानात येते. ल्यूलीछांगमध्ये १८७५ साली बुशेलच्या हातात आलेलं चिएनलोंग बादशहाच्या शिक्क्याचं भांडं एखाद्या घरातून आलं की जळक्या राजवाड्यातून, हे दुकानदार सांगणार नाही आणि भांड्यावर लिहिलेलं नसतं. त्यामुळे प्रत्येक वस्तूचा माग काढणं, कोणाकडून कोणाकडे गेली, हे काम म्युझियमांनी करायला हवं आणि जिथे कळत नाही तिथे कळत नाही असं फलकावर छापायला हवं.

खारावारा:

सनावळी, गदाधर सिंहांबद्दल काहीच माहीत नव्हतं, शोधून वाचते. झिलई, आता नकली मालाबद्दल पण लिहा ना. एवढी मागणी म्हटल्यावर नकला निघाल्याच असणार.

झिलई:

निघाल्या तर. १८६६ च्या सुमारास जिंगदेझेनच्या बादशाही भट्ट्या पुन्हा सुरू झाल्या, थोंगझी बादशहाच्या १८७२ च्या लग्नाची भांडी तिथलीच. ग्वांगशूच्या काळापर्यंत, म्हणजे १८७५ नंतर, कारागिरी बरीच सावरली, आणि परदेशी लोक कांगशीच्या मालाला काय भाव देतात हे सगळ्यांना माहीत झालं होतं. मग कांगशीच्या नकला जोरात.

इथे एक भानगड आहे ती समजून घेतली पाहिजे. चिनी पोर्सिलेनच्या तळाला निळ्या रंगात राजवटीचं नाव लिहितात, साधारण सहा अक्षरं. नवख्या परदेशी माणसाला वाटायचं हीच तारीख. पण १६७७ मध्ये जिंगदेझेनच्या अधिकाऱ्याने भांड्यांवर कांगशी बादशहाचं नाव लिहायला बंदी घातली होती, फुटलं की नावाचा अपमान म्हणून. त्यामुळे खऱ्या कांगशी मालावर बऱ्याचदा नुसती दोन निळी वर्तुळं असतात, आत रिकामं, किंवा दोनशे वर्षं आधीच्या मिंग काळातल्या छेंगहुआ बादशहाचं नाव असतं, जुन्याबद्दल आदर म्हणून. आणि ग्वांगशू काळातल्या नकलेवर अगदी व्यवस्थित कांगशीचं नाव! म्हणजे खऱ्यावर नाव नाही आणि खोट्यावर आहे, अशी परिस्थिती.

सगळ्यात मोठा फटका काळ्या पार्श्वभूमीच्या मोठ्या फुलदाण्यांना बसला, ज्यांना फ्रेंच नावाने फामी नोआर म्हणतात. काळ्यावर पांढरी प्लमची फुलं, हिरवी पानं. न्यूयॉर्कमध्ये १९०० च्या आसपास लखपती लोक याच्यासाठी अक्षरशः भांडत होते, जे. पी. मॉर्गनने १९०२ मध्ये ड्युव्हीन या व्यापाऱ्यामार्फत गार्लंड या संग्राहकाचा अख्खा संग्रह घेतला त्यात हे होतं. पुढे अभ्यासकांनी बारकाईने बघितल्यावर यातल्या बऱ्याच फुलदाण्या एकोणिसाव्या शतकातल्या निघाल्या. म्हणजे ज्या काळात हे संग्राहक पेकिंगमध्ये फिरत होते त्याच काळात जिंगदेझेनमध्ये कोणीतरी त्यांच्यासाठी हे बनवत होतं. ज्याने ते बनवलं तो कारागीर अव्वल होता, हेही तितकंच खरं.

चाकावरची_माती:

नक्की अव्वल. आणि तळ बघा म्हणून सांगते, वर नाही. जिथे ग्लेझ संपतं आणि नुसती माती उघडी असते ती बैठकीची कड. कांगशीची माती तिथे घट्ट, गुळगुळीत, बोट फिरवलं तर कुठे टोचत नाही, कड घासून गोलसर केलेली. उतरत्या काळातल्या नकलेत माती खडूसारखी कोरडी लागते, किंवा कड घाईत कापलेली. वरचं चित्र हुबेहूब उतरवता येतं, पण माती कुठल्या खाणीची आणि किती धुतली-मुरवली हे उतरवायला वर्षं लागतात आणि तेवढा वेळ व्यापारी देत नाही.

सनावळी:

नकलेवरून बुशेलचीच गोष्ट सांगायला हवी कारण तिचा शेवट मुंबईकराने केलाय.

१८८५ च्या सुमारास बुशेलला पेकिंगमध्ये एक चित्रांचं हस्तलिखित मिळालं, यी राजपुत्राच्या ग्रंथसंग्रहातलं म्हणून. सोळाव्या शतकातला प्रसिद्ध संग्राहक श्यांग युआनब्येन याने स्वतः रेखाटलेल्या ऐंशीच्या वर भांड्यांची रंगीत चित्रं आणि वर्णनं. बुशेल हरखून गेला, कारण सोंग (दहावं ते तेरावं शतक) आणि मिंग काळातली भांडी कशी दिसायची याचा त्या काळच्या माणसाने दिलेला पुरावा कोणाकडेच नव्हता. त्याने भाषांतर केलं. मूळ हस्तलिखित पुढे इंग्लंडमध्ये आगीत गेलं, पण नकला करून ठेवलेल्या होत्या, त्यावरून १९०८ मध्ये, बुशेल गेला त्याच वर्षी, ते देखणं पुस्तक निघालं. पुढची पंचवीस वर्षं सगळे त्याचा आधार घेत होते.

१९३० च्या दशकात पर्सिव्हल डेव्हिडने ते हस्तलिखित ओळ न् ओळ तपासलं आणि ते विश्वासार्ह नाही, श्यांगच्या नावावर खपवलेलं आहे हे दाखवून दिलं. हा डेव्हिड १८९२ चा मुंबईत जन्मलेला, बगदादी ज्यू घराण्यातला, वडील सर ससून डेव्हिड बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी. चिनी पोर्सिलेनसाठी तो चिनी भाषा शिकला. १९२० च्या दशकात पेकिंगमध्ये जाऊन, बादशाही घराण्याने बँकेकडे गहाण टाकलेल्या आणि न सोडवलेल्या वस्तूंमधला काही भाग त्याने विकत घेतला. त्याच्या संग्रहात सुमारे १७०० वस्तू आहेत, २००९ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये एका स्वतंत्र दालनात. १३५१ साल लिहिलेल्या निळ्या-पांढऱ्या फुलदाण्यांची जोडी त्याचीच, त्या जोडीवरून चौदाव्या शतकातल्या निळ्या-पांढऱ्या मालाची कालगणना बसवली गेली.

पारनाका:

हे माहीत नव्हतं. मुंबईत जन्मलेल्या माणसाने बुशेलला दुरुस्त केलं, फारच आवडलं. आणि लंडनपर्यंत जायला नको ज्यांना, त्यांनी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावं. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांचे संग्रह तिथे आहेत, त्यात चिनी पोर्सिलेन, जेड, तपकिरीच्या बाटल्या भरपूर. रतन टाटा म्हणजे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, १९१८ मध्ये वारले ते. ते लंडनजवळ ट्विकनहॅमला घर करून होते, चिनी मालाची हवा जोरात असतानाच्या काळात. गर्दी खाली मूर्तींपाशी असते आणि ही कपाटं निवांत बघता येतात. आता चाकावरची_माती यांनी सांगितल्यावर मी जाऊन तळ बघायचा प्रयत्न करणारे, काचेतून दिसेल तेवढा.

चाकावरची_माती:

काही ठिकाणी खाली आरसा ठेवलेला असतो त्यात दिसतो. नसेल तर वाकून बैठकीची कड तरी बघा.

खारावारा:

एक राहिलं. धाग्यात सगळे कांगशी-चिएनलोंग रंगीत मालाबद्दल बोलतायत. चिनी संग्राहक तर सोंग काळातल्या साध्या, एकरंगी भांड्यांना सगळ्यात वर मानायचे ना? मग या परदेशी लोकांना ते का दिसलं नाही?

झिलई:

बुशेल आणि हिर्थला दिसलं होतं, वाचून. पण खरी सोंग काळातली रू किंवा ग्वान जातीची भांडी बादशहाच्या महालात आणि मोजक्या चिनी घरांत होती आणि ती विकायला येत नव्हती. जे बाजारात नाही ते आवडायला शिकणं कठीण. शिवाय घेणारे न्यूयॉर्क-लंडनचे, त्यांना दिवाणखान्यात शोभेल असा झगझगीत रंग हवा होता.

बदल झाला तो रेल्वेमुळे. १९०५ ते १९०९ मध्ये खायफंग ते लुओयांग मार्ग टाकताना रूळ जुन्या स्मशानांतून गेले आणि सोंगच्याही आधीच्या थांग काळातले घोडे, उंट, भांडी जमिनीतून वर आली. चिनी माणूस थडग्यातली वस्तू घरात ठेवत नसे, त्यामुळे ती सगळी परदेशी लोकांकडे गेली. १९१० मध्ये लंडनला बर्लिंग्टन क्लबने जुन्या चिनी मातीकामाचं प्रदर्शन भरवलं, आणि तिथून रंगीत कांगशीची पकड सैल व्हायला लागली.

आणि याच वेळचा एक माणूस सांगून थांबतो, कारण पारनाका यांनी जो प्रश्न टाकला त्याला एका संग्राहकाने आपल्या परीने उत्तर दिलंय. जॉन फर्ग्युसन, मिशनरी म्हणून १८८७ मध्ये चीनला आला, नानजिंगला शाळा काढली, मग शांघायला नानयांग कॉलेजात, पुढे चिनी अधिकाऱ्यांचा सल्लागार. मांचू सुभेदार त्वानफांग, स्वतः फार मोठा संग्राहक, याच्याशी दोस्ती, त्यामुळे याची नजर चिनी संग्राहकांच्या बैठकीत तयार झाली. अमेरिकन म्युझियमांसाठी त्याने खरेदी करून दिली हे आहेच, आणि त्याबद्दल त्याच्यावर टीका करायला जागा आहे. पण स्वतःचा संग्रह, ब्राँझ, चित्रं, पोर्सिलेन, त्याने १९३४ मध्ये नानजिंगच्या विद्यापीठाला देऊन टाकला. १९३५ मध्ये तो पेकिंगच्या राजवाड्यातच लोकांसाठी मांडला होता आणि आज नानजिंग विद्यापीठात आहे. एवढ्या सगळ्या मंडळींत आपला संग्रह चीनमध्येच ठेवणारे असे फार थोडे.

सनावळी:

फर्ग्युसनवर वेगळा धागा काढा. त्वानफांगवर पण, १९११ च्या क्रांतीत त्याच्याच सैनिकांनी त्याला मारलं आणि त्याच्या संग्रहाचं पुढे काय काय झालं हा मोठा विषय आहे.

झिलई:

त्वानफांगवर काढतो. त्याच्याकडची ब्राँझची वेदी आणि भांड्यांचा अख्खा संच न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये आहे, सुरुवात तिथूनच करेन.